शाळेचा आकडा आणि गावाचा ठराव

जिल्हा परिषदेची एखादी दोनशिक्षकी शाळा घ्या आणि वर्षभरात तिच्याबद्दलची किती माहिती वर जाते, याचा एकदा हिशेब मांडून पाहा. यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या राष्ट्रीय प्रणालीवर इमारत, शौचालये, पिण्याचे पाणी, शिक्षक आणि एकेक विद्यार्थी, २०१५ पासून राज्याच्या ‘सरल’ प्रणालीवरच्या नोंदी, पोषण आहाराच्या लाभार्थ्यांची रोजची संख्या, शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेसाठी आधार जुळलेला पट, चाचण्यांचे गुण, गणवेश, पाठ्यपुस्तके आणि शिष्यवृत्तीच्या याद्या. हे सारे शाळेतून केंद्रप्रमुखांकडे, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणि पुढे जिल्हा परिषद, पुणे, मुंबई असे चढत जाते. त्याच शाळेची व्यवस्थापन समिती महिन्याच्या सभेला बसते तेव्हा मात्र तिच्यापुढे यातला एखादाच आकडा येतो, बहुतेकदा तोही नाही. मागील इतिवृत्त वाचून कायम करणे, आहाराचा खर्च, रंगरंगोटी, स्नेहसंमेलन आणि आयत्या वेळचे विषय यांत सभा उरकते. तिसरीतली किती मुले गोष्ट वाचू शकतात, दिवाळीनंतर कोण गायब झाले, मुलींच्या शौचालयाची किल्ली कुणाकडे असते, हे प्रश्न विषयपत्रिकेवर येतच नाहीत. समितीचे सदस्य, सरपंच, पालक आणि मुख्याध्यापक यांनी हे चित्र कसे पालटावे, यासाठी हा लेख आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. माहिती कमी पडते म्हणून शाळा सुधारत नाही, असे आता म्हणता येणार नाही. आकडा जेव्हा अशा माणसापुढे येतो, ज्याच्या हातात त्या आकड्यावर काही करण्याचा अधिकार, पैसा किंवा निदान वेळ आहे, तेव्हाच शाळेत काही हलते. म्हणून गावपातळीवर माहितीचा उपयोग करायचा तर सुरुवात तक्त्यांपासून करू नये. आपल्याला कोणता निर्णय घेता येतो, तिथून करावी. निर्णय ठरला की त्याला लागणारे दोन-तीन आकडे निवडावेत, ते स्वतः पडताळावेत आणि सभेत ठरावाच्या रूपाने लिहावेत. एवढेच करायचे आहे, पण ते दर महिन्याला करायचे आहे.

या म्हणण्याला चांगला पुरावा आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ संस्थेबरोबर एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. काही गावांत लोकांना ग्राम शिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत त्याबरोबरच मुलांचे वाचन सोप्या चाचणीने कसे तपासायचे हे शिकवले आणि गावाचे प्रगतिपत्रक गावापुढे मांडले. आणखी काही गावांत याच्या जोडीला स्थानिक तरुणांना वाचनवर्ग घेण्याचे प्रशिक्षण दिले. पहिल्या दोन प्रकारच्या गावांत शाळेत काहीही फरक पडला नाही. पालक समितीकडे गेले नाहीत, समिती शाळेकडे गेली नाही, मुलांचे वाचन होते तिथेच राहिले. तिसऱ्या प्रकारच्या गावांत स्वयंसेवक पुढे आले, त्यांनी वर्ग चालवले आणि वर्गाला येणाऱ्या मुलांचे वाचन स्पष्टपणे सुधारले. प्रगतिपत्रक वाचून लोकांना वाईट वाटले असेलही, पण पुढे काय करायचे हे त्या कागदावर लिहिलेले नव्हते. वाचनवर्गाने ते दाखवून दिले.

मध्य प्रदेशातला अनुभव याहून बोलका आहे, कारण तो थेट सरकारी यंत्रणेचा आहे. तिथे शाळांचे तपशीलवार मूल्यांकन करायचे, त्यावरून प्रत्येक शाळेचा सुधार आराखडा बनवायचा आणि अधिकाऱ्यांनी त्याचा पाठपुरावा करायचा, असा कार्यक्रम राबवला गेला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी त्याचा कसून अभ्यास केला. मूल्यांकने झाली, आराखडे तयार झाले, कागदोपत्री काम चोख झाले. पण शिक्षकांची उपस्थिती, मुलांची उपस्थिती आणि मुलांचे शिकणे यांत काहीही बदल दिसला नाही. आपल्याकडच्या कपाटातले शाळा विकास आराखडे आठवले, तर हा निष्कर्ष परका वाटणार नाही. याच्या उलट, पाकिस्तानी पंजाबातल्या ११२ गावांपैकी निम्म्या गावांत प्रत्येक मुलाचे आणि प्रत्येक शाळेचे गुणपत्रक पालकांना दिले गेले, तेव्हा मुलांचे गुण वाढले आणि खासगी शाळांची फी सुमारे १७ टक्क्यांनी उतरली. त्या गावांत अनेक शाळा होत्या. पालकाला मूल उचलून दुसऱ्या शाळेत घालता येत होते. युगांडात १९९०च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात शाळांसाठी निघालेल्या अनुदानातला सरासरी १३ टक्केच भाग शाळेपर्यंत पोहोचत होता. कोणत्या महिन्यात किती रक्कम निघाली हे वर्तमानपत्रांत छापले जाऊ लागले, तेव्हा ही गळती मोठ्या प्रमाणात थांबली, कारण मुख्याध्यापक आणि पालक नेमकी रक्कम सांगून जाब विचारू शकत होते. या चारही ठिकाणी माहिती होती. जिथे ती वापरण्याचा मार्गही होता, तिथेच तिचा उपयोग झाला.

आपल्या गावात असे मार्ग कोणते आहेत? सांगितले जाते त्याहून बरेच अधिक आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. शाळेच्या कामावर देखरेख, अनुदानाच्या वापरावर लक्ष आणि शाळा विकास आराखडा ही समितीची कामे आहेत. कलम २२ तर असे सांगते की समितीने केलेला आराखडा हाच शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या नियोजनाचा व अनुदानाचा आधार असेल. ही तरतूद फार कमी समित्यांना ठाऊक असते. समग्र शिक्षा योजनेतून येणारे संयुक्त शाळा अनुदान पटानुसार ठरते: ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार रुपये, त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा असतो. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, त्यातला पाणी आणि स्वच्छतेचा निधी, ग्रामसभेचा ठराव हे आणखी मार्ग आहेत. प्रत्येक आकड्याला यातला एखादा मार्ग जोडता आला पाहिजे. जो आकडा कुठेच जोडता येत नाही, तो तूर्त बाजूला ठेवावा.

पहिले काम म्हणजे शाळेचे यू-डायस पत्रक काढणे. प्रत्येक शाळेला ११ अंकी संकेतांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, मग जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी शाळा. हा क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर किंवा दाखल्यावर सापडतो, आणि तो टाकला की शाळेचे पत्रक कुणालाही मोबाइलवर पाहता येते. ते छापून घ्या आणि हातात धरून शाळेत एक चक्कर मारा. मुलींच्या शौचालयाचेच उदाहरण घेऊ. पत्रकात शौचालय आहे की नाही आणि ते वापरात आहे की नाही, या दोन वेगळ्या नोंदी असतात. दोन्हींपुढे ‘१’ असला तरी समितीतल्या दोन महिला सदस्यांनी मधल्या सुटीत जाऊन पाहावे: टाकीत पाणी आहे का, नळ की बादली, आतून कडी लागते का, दार खाली कुजले आहे का, कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे, सॅनिटरी पॅड टाकायला डबा आहे का, सफाई कोण करते आणि त्याला पैसे कोण देते. मुलींनाही विचारावे, पण शिक्षक आणि पुरुष सदस्य समोर नसताना. बऱ्याचदा असे निघते की बांधकाम पक्के आहे, पण टाकीपर्यंत पाणी चढत नाही. मग प्रश्न नवीन शौचालयाचा उरत नाही. एक लहान पंप, वीजबिल आणि सफाईचे मानधन एवढाच उरतो, आणि तो ग्रामपंचायतीच्या आवाक्यातला असतो. पत्रक आणि पाहणी यांत तफावत आढळली तर मुख्याध्यापकांना दोष देत बसण्यापेक्षा पुढच्या वेळी माहिती भरण्याआधी ती समितीपुढे वाचली जावी, असा ठराव करावा.

आता पटाकडे वळू. यू-डायससाठी ३० सप्टेंबर हा संदर्भ दिवस धरण्याची पद्धत आहे. देशभराची तुलना करायला असा एक दिवस लागतो, हे खरे. पण बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतल्या ऊसतोड मजुरांच्या गावांत त्या दिवशी सगळी मुले वर्गात असतात आणि दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की काही वर्ग निम्मे रिकामे होतात. ती मुले मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या पालघर-रायगडकडच्या आदिवासी कुटुंबांचेही असेच होते. कागदावर पट पूर्ण, प्रत्यक्षात निम्मे वर्ष शाळा नाही. इथे राज्याचा कोणताही अहवाल तुमच्या मदतीला येणार नाही, कारण असे अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत बहुधा ते शैक्षणिक वर्षच उलटून गेलेले असते. समितीला हवी असलेली माहिती गावातच असते. उचल कुणी घेतली आहे हे सप्टेंबरमध्येच साऱ्या गावाला कळलेले असते. त्या घरांतल्या शाळकरी मुलांची यादी तेव्हाच करावी. आजी-आजोबांजवळ कोण राहू शकते, हंगामी वसतिगृहाची गरज किती मुलांना आहे आणि सोबत जाणाऱ्यांना शिक्षण हमी कार्ड द्यायचे कुणाला, असे त्या यादीचे तीन भाग पाडावेत. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव मुले निघून गेल्यावर पाठवून उपयोग नसतो. महिनाभर आधी नावांसह पाठवलेली यादी ही इथली सर्वांत मोलाची आकडेवारी आहे.

स्थलांतर नसलेल्या गावांतही हजेरीपट नीट वाचायला शिकले पाहिजे. समजा, वर्गात ३० मुले आहेत आणि महिन्यात शाळा २२ दिवस भरली. पंचवीस मुले सरासरी २१ दिवस आली आणि पाच मुले ९-९ दिवस. टक्केवारी काढली तर उपस्थिती ८६ टक्क्यांवर जाते आणि सभेत ‘समाधानकारक’ असा शेरा पडतो. ती पाच मुले त्या ८६ मध्ये दिसेनाशी होतात. शाळा सोडून जाणारे मूल बहुतेकदा आधी असेच काही महिने अधूनमधून येत असते. म्हणून समितीने टक्केवारी मागू नये. महिन्यात पाचपेक्षा जास्त दिवस न आलेल्या मुलांची संख्या आणि ढोबळ कारणे मागावीत. आठवडी बाजाराच्या दिवशी मुले कमी येतात का, कापूस वेचणीच्या दिवसांत मोठ्या मुली घरी राहतात का, पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचे कुणीच येत नाही का, हे हजेरीपटावर बोट फिरवले की दिसते. प्रत्येक कारणाला उपाय वेगळा लागतो: कुठे घरी जाऊन बोलणे, कुठे धाकट्या भावंडासाठी अंगणवाडीची वेळ, कुठे साकव. लहान शाळेत टक्केवारी तशीही फसवते. आठ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे साडेबारा टक्के; तिथे मुले मोजावीत.

वाचन आणि गणिताच्या बाबतीत गोंधळ सर्वांत जास्त आहे. ग्रामीण मुलांचे वाचन-गणित घरोघरी तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीचा अहवाल आला की मथळे येतात. २०२२ मध्ये देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतली तिसरीची १६.३ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती, २०२४ मध्ये हे प्रमाण २३.४ टक्के झाले. धोरण ठरवणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचे आहे. पण ‘असर’ जिल्ह्यातल्या निवडक ३० गावांत, प्रत्येकी २० घरांत जाते; डिसेंबर २०२४ मधले परख सर्वेक्षणही नमुन्यादाखल घेतलेल्या शाळांचे आहे. त्यांतून तुमच्या शाळेबद्दल काहीही कळत नाही, आणि ‘आपला जिल्हा वर आहे’ म्हणून तुमच्या तिसरीतल्या मुलीला वाचता येते असे होत नाही. यू-डायसमध्ये शिकण्याची नोंद नाहीच. म्हणून ही तपासणी आपणच करायची. ‘असर’ची रीत वापरायला सोपी आहे: मूल एकेकटे बसवायचे, अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट यांतले त्याला सहज काय वाचता येते ते पाहायचे आणि तेवढीच नोंद करायची. एका मुलाला पाच-दहा मिनिटे पुरतात. बारावी शिकलेली गावातली मुलगी हे काम नीट करू शकते.

नोंद झाल्यावर काय करायचे, हे आधी ठरलेले असले तरच ती करावी. दुसरी ते पाचवीची मुले इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गटांत बसवून रोज तासभर शिकवले तर मागे पडलेली मुले वेगाने पुढे येतात, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. त्यांतला एक आरंभीचा प्रयोग मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांतला आहे. तिथे वस्तीतल्याच तरुण बालसखी मागे राहिलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे घेत आणि त्याचा फायदा गुणांत दिसला. आपल्या शाळेत शिक्षक दोन आणि वर्ग चार असतील तर असे गट करणे शिक्षकांनाही सोयीचे जाते. समितीने त्यासाठी एक-दोन स्वयंसेवक, गोष्टींची पुस्तके आणि दर सहा आठवड्यांनी फेरतपासणी एवढे पाहावे. ‘अक्षर’ गटातली अकरा मुले सहा आठवड्यांनी सात झाली का, हा प्रश्न सभेत विचारण्याजोगा आहे. ‘शाळेची गुणवत्ता कशी आहे’ हा प्रश्न विचारण्याजोगा नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘चांगली आहे’ असेच येते.

शिक्षकांच्या जागांबाबत समितीच्या हातात भरती नाही, बदली नाही. तरीही इथे कायदा पालकांच्या बाजूने स्पष्ट आहे. प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत आणि कलम २६ प्रमाणे मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून जास्त पदे रिक्त राहता कामा नयेत. दोनशिक्षकी शाळेत एक पद रिकामे म्हणजे थेट ५० टक्के. इथे एक बारकावा पाहावा: पत्रकावर दोन शिक्षक दिसतात, पण त्यांतला एक कामगिरीवर दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात असतो. म्हणून मंजूर, कार्यरत आणि प्रत्यक्ष शाळेत हजर असे तीन आकडे तारखांसह वेगवेगळे लिहावेत. अर्जविनंत्यांनी काम झाले नाही तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि पुढे बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. ‘शिक्षक कमी आहेत’ या वाक्याचा अर्ज फाइलीत राहतो. ‘अमुक तारखेपासून ४७ मुलांना एकच शिक्षक, मंजूर पदे दोन’ या वाक्याला उत्तर द्यावे लागते.

ठराव कसा लिहावा याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. ‘शाळेच्या समस्यांवर सविस्तर चर्चा झाली’ हा ठराव नव्हे. त्यात आढळलेली स्थिती, करायचे काम, ते करणाऱ्याचे नाव, पैसा कोणत्या शीर्षातून, मुदत आणि पुढच्या सभेत काय पाहायचे, हे सारे यायला हवे. उदाहरणार्थ: ‘दि. ९ रोजीच्या पाहणीत मुलींच्या शौचालयाच्या टाकीत पाणी चढत नसल्याचे आढळले. पंप दुरुस्ती शाळा अनुदानातील स्वच्छतेच्या रकमेतून मुख्याध्यापकांनी दि. २५ पर्यंत करावी. सफाईच्या मानधनाची मागणी ग्रामसभेत अध्यक्षांनी मांडावी. पुढील सभेत दोन महिला सदस्यांनी पाहणी करून सांगावे.’ हा ठराव वेळेत होणेही तितकेच महत्त्वाचे. ग्रामपंचायतीच्या आराखड्याची जुळवाजुळव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आसपास सुरू होते आणि शाळा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरपर्यंत व्हायला हवा. फेब्रुवारीत केलेली रास्त मागणीही एका वर्षाने पुढे ढकलली जाते. म्हणून इमारत, पाणी आणि शौचालयाची पाहणी ऑगस्टमध्ये, स्थलांतराची यादी सप्टेंबरमध्ये आणि वाचनाची पहिली तपासणी जुलैत, अशी घडी बसवावी.

यावर शिक्षकांचा पहिला आक्षेप येईल आणि तो खरा आहे. माहिती भरण्याच्या ओझ्याखाली शिकवायला वेळ उरत नाही, म्हणून ‘आम्हाला शिकवू द्या’ ही घोषणा देत शिक्षक रस्त्यावर उतरले आहेत. कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली आहे, पण ऑनलाइन नोंदी ‘शैक्षणिक’ म्हणून त्यातून सुटतात. म्हणून समितीने एकही नवे रजिस्टर, नवा तक्ता, नवा व्हॉट्सअ‍ॅप अहवाल मागू नये. हजेरीपट, यू-डायसचे पत्रक, अनुदानाची रोकडवही आणि वाचनाची एका पानाची नोंद याखेरीज काही लागत नाही, आणि शेवटची नोंद स्वयंसेवकही करू शकतो. गावाने शिक्षकांच्या बाजूने एक गोष्ट मोजावीही: महिन्यात बैठका, प्रशिक्षणे आणि ऑनलाइन कामांसाठी शिक्षक किती दिवस वर्गाबाहेर होते. हा आकडा तालुक्याला कळवणारी समिती शिक्षकांना आपली वाटेल.

दुसरी भीती अधिक गंभीर आहे: आकडे उघडे पडले की शाळा बंद होईल. ही भीती निराधार नाही. २०१७ च्या अखेरीस १० पेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करून मुले जवळच्या शाळांत हलवण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये समूह शाळांचा विचार पुढे आला. संचमान्यतेच्या नव्या निकषांनी लहान शाळांची पदे धोक्यात आणली. त्याआधी, २०११ च्या पटपडताळणीत लाखो नावे केवळ कागदावर असल्याचे निघाले होते, त्यामुळे पटाच्या आकड्याकडे संशयाने पाहण्याची सवय यंत्रणेला लागली. पण लपवाछपवीने शाळा वाचत नाही, कारण पट सरकारकडे आधीच असतो. सरकारकडे नसते ती बाकीची माहिती. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असा राज्याचा नियम आहे. नकाशावरचे दीड किलोमीटर पावसाळ्यात ओढ्यामुळे चार होतात का, वाटेत महामार्ग ओलांडावा लागतो का, सहा वर्षांच्या मुलाला चालायला किती वेळ लागतो, पुढच्या तीन वर्षांत अंगणवाडीतून किती मुले येणार आहेत, हे फक्त गाव सांगू शकते. पटाच्या एका आकड्यासमोर हे चार आकडे ठेवले तर निदान समान पातळीवर बोलता येते. मुले खरोखरच दोन-तीन उरली असतील आणि जवळ चांगली शाळा, वाहतुकीची खात्रीची सोय असेल, तर शाळा हलवणे मुलांच्या हिताचेही असू शकते. तो निर्णयही याच माहितीवर व्हावा.

तिसरा धोका आपल्याच हातून होण्यासारखा आहे. गुणांवरून शाळेला बक्षीस किंवा नोटीस मिळू लागली की गुण फुगतात. मध्य प्रदेशात राज्याच्या चाचणीतल्या मुलांची स्वतंत्रपणे पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा सरकारी नोंदीतले गुण प्रत्यक्षाहून बरेच जास्त निघाले. म्हणून गावातली वाचन-तपासणी शिक्षकाचे मोजमाप म्हणून वापरू नये, ती वर पाठवू नये, शेजारच्या शाळेशी तुलना करू नये. चावडी वाचनासारखे उपक्रम चांगले आहेत, पण न वाचता येणाऱ्या मुलाला चारचौघांत उभे करणे क्रूरपणाचे आहे. फलकावर फक्त संख्या लिहाव्यात. नावे वर्गशिक्षक आणि त्या त्या पालकापुरतीच राहावीत. आधार क्रमांक, जात, आजार, घरची परिस्थिती यांच्या नोंदींचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणे तर पूर्णपणे थांबले पाहिजे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे.

सरपंच आणि समितीच्या अध्यक्षांना विनंती आहे की सगळे एकदम हाती घेऊ नये. पुढच्या सभेच्या नोटिशीत एकच विषय वाढवा: शाळेच्या यू-डायस पत्रकाचे वाचन आणि पडताळणी. पत्रकाची छापील प्रत प्रत्येक सदस्याला सभेच्या दोन दिवस आधी द्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या सदस्यांना ते मोठ्याने वाचून दाखवा, आणि सभा शाळेच्या आवारातच, शाळा भरलेली असताना घ्या.